देवळाली झाकण्याची रीत

शीर्षक

नकाशाला शीर्षक नसेल तर एक गुण कापायचा, असा गायधनी बाईंचा नियम होता. या गोष्टीला शीर्षक आहे. एक गुण पदरात पडला. बाकीच्यांचं पुढे बघू.

दिशा

नकाशात वर उत्तर असते. आमच्या शाळेत वर मुख्याध्यापक खंडेराव आहेर असत. त्यांच्या खाली शिक्षक कक्ष, आणि त्याच्याही खाली, जिन्याच्या पोटात, संगणक कक्ष. पंचवटीतल्या गल्लीत शाळा बांधली की ती अशी उभीच बांधावी लागते. २००८च्या दिवाळीनंतर त्या जिन्याच्या पोटात संगणक आले, इन्व्हर्टर आला, इंटरनेटची तार आली. कुलूप त्याच्याही आधी येऊन बसलं होतं.

मग जिल्ह्याचं पत्र आलं. भूगोलाच्या एका शिक्षकाने डिजिटल नकाशांच्या प्रशिक्षणाला यावं, परत जाऊन आपल्या शाळेत विस्तार अधिकाऱ्यांसमोर आदर्श पाठ घ्यावा, आणि या नव्या साधनाबद्दल सहकाऱ्यांचे अभिप्राय गोळा करून पाठवावेत.

आमच्याकडे भूगोलाच्या शिक्षिका दोन. मोहिनी गायधनी बाई मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. त्या म्हणाल्या, गोदावरी कुठून निघते ते मला माहीत आहे, आणि ती अजून तिथूनच निघते, मी कशाला जाऊ? म्हणून संजना पगारे गेली.

संजना शिक्षणसेवक होती. म्हणजे तीन वर्षं मानधनावर शिक्षकाचं सगळं काम करायचं, जे काम कुठलाच शिक्षक करणार नाही तेही करायचं, आणि तीन वर्षं भरली की वर बघत उभं राहायचं. वरून चांगला अहवाल गेला तर नोकरी पक्की. ती लागली तेव्हा आमच्यातल्या काहींनी ‘राखीव जागेवरची’ असं म्हणून घेतलं होतं. पुढे संगणक आले आणि ते चालू करता येणारी सबंध शाळेत ती एकटीच निघाली. तेव्हापासून आम्ही तेच जरा हळू आवाजात म्हणायला लागलो.

तिची तीन वर्षं जानेवारीअखेर भरत होती. संस्थेच्या सेक्रेटरींची सून नुकतीच बी.एड. झाली होती, विषय भूगोल. हा योगायोग आम्ही रोज चहाबरोबर चघळायचो.

आहेर सर मनात ठेवणारे नव्हते. त्यांनी संजनाला वर बोलावून स्वच्छ सांगितलं की पाठ चांगला झाला तर मी चांगलं लिहीन, पाठाला गालबोट लागलं तर सेक्रेटरींपुढे माझं काही चालायचं नाही. संजना खाली आली, माठातलं पाणी प्यायली आणि वह्या तपासायला बसली. काय झालं असं कुणी विचारलं नाही. वरचं दार उघडंच होतं.

अभिप्राय

(अभिप्राय पाठ पाहून लिहायचे होते. जिल्ह्याला नेहमी घाई असते, म्हणून आम्ही ते आधीच लिहून ठेवले.)

गणित : साधन उपयुक्त आहे. त्यासाठी गणिताचा तास घेऊ नये.

मराठी : पूर्वी नदी म्हटलं की मूल मनातल्या मनात नदी पाही. आता नदी समोर दिसते, आणि तिच्यात पाणी नाही हेही दिसतं. कल्पनाशक्तीच्या दृष्टीने घातक.

शारीरिक शिक्षण : चांगले आहे. मैदान स्पष्ट दिसते. (आमच्या शाळेला मैदान नाही. शेजारच्या शाळेचं दिसतं.)

विज्ञान : वरीलप्रमाणे.

गायधनी बाई : माझी हरकत नाही. मी निवृत्त होत आहे.

प्रमाण

पाठाच्या आदल्या आठवड्यात रंगीत तालीम झाली. आठवीचा वर्ग जिन्याखाली कोंबला. आहेर सर दारात खुर्ची टाकून बसले, आणि आम्हीही डोकावलो, कारण तास बुडवायला इतकं शैक्षणिक निमित्त पुन्हा मिळणार नव्हतं.

संजनाने पडद्यावर पृथ्वीचा गोळा फिरवला. मग गोळा जवळ आला, देश आला, सह्याद्रीची वळी आली, नाशिक आलं. नदीची रेघ, रामकुंड, भाजीबाजाराची निळी-पिवळी ताडपत्री. मुलांचे श्वास ऐकू येत होते. शाळेचं छप्पर त्यांनी टाकीवरून ओळखलं. टाकीला झाकण नव्हतं, हेही त्यांनी एका सुरात वाचून दाखवलं. सरांनी मल्हारीकडे पाहिलं. मल्हारी म्हणजे शिपाई. त्याने दाराबाहेर जाऊन आभाळाकडे पाहिलं, आपला फोटो नेमका कुठून काढतात ते बघायला.

मुलं म्हणत होती, मॅडम, अजून खाली, अजून खाली. नकाशा दक्षिणेकडे सरकला. रेल्वेचा रूळ आला आणि त्याच्या पलीकडे एकदम नीटनेटके रस्ते, सारख्या मापाची छपरं, दाट झाडं. आशा नावाची एक मुलगी बाकावर उभी राहून म्हणाली, ते आमचं क्वार्टर. तिचे वडील फौजेत होते.

सरांनी विचारलं, हे काय आहे? देवळाली कॅम्प, असं संजनाने सांगितलं.

आता सर रोज तीन वर्तमानपत्रं वाचत. नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, त्यानंतर उपग्रहाच्या नकाशांबद्दल जे जे छापून आलं ते सगळं त्यांनी लाल पेनने खुणा करून वाचलं होतं. ते खुर्चीतून उठले.

“तोफखाना दिसतोय?”

“झाडं दिसतायत, सर.”

“झाडांमागे काय असतं?”

संजनाने समजावून पाहिलं. हे चित्र आपण काढलेलं नाही, ते साऱ्या जगाला दिसतं, लंडनलाही दिसतं, आपण बंद केल्याने काही बंद होत नाही. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“जगाचं जगापाशी. माझ्या जिन्याखालून तोफखाना दिसता कामा नये.”

जुनी रीत

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं वेड्यासारखं वाटेल. (वाटलं तरी आमची हरकत नाही.)

२००० साली देशात तीन नवी राज्यं झाली तेव्हा आमच्या शाळेने नवा नकाशा विकत घेतला नव्हता. गायधनी बाईंनी घोटीव कागदाची तीन रंगीत राज्यं कापली आणि भिंतीवरच्या जुन्या भारतावर गोंदाने चिकटवली. छत्तीसगड जांभळं, झारखंड पोपटी आणि उत्तरांचलाला चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी. अधिकारी येऊन बघून गेले आणि कल्पकतेबद्दल शेरा देऊन गेले. तेव्हापासून भूगोलात काहीही घडलं की आमच्या शाळेत कात्री आणि गोंद निघे. नवा जिल्हा झाला, चिकटवा. शहराचं नाव बदललं, चिकटवा. कागद एकदा बसला की भारत त्याच्या खाली गुमान राही.

म्हणून सरांनी चित्रकलेच्या जयराम भोये सरांना बोलावलं, तेव्हा आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

भोये सर हाताचे फार पक्के. त्यांनी संगणकाच्या काचेवर ट्रेसिंग पेपर धरला, कॅम्पची हद्द पेन्सिलीने उतरवली, काळा घोटीव कागद त्याबरहुकूम कापला आणि हवेचा एक बुडबुडाही न ठेवता काचेवर बसवला. पडद्याच्या खालच्या बाजूला, जरा उजवीकडे. हद्दीबाहेर केसभर कागद नव्हता. सरांनी पाठ थोपटली.

तेव्हा आता इथून पुढे या गोष्टीत त्या गावाचं नाव येईल तिथे कागद आहे, असा : ▇▇▇▇. आम्हीही नोकरदार माणसं आहोत.

मग संजनाने रामकुंड मध्यावर आणायला माउस हलवला.

नकाशा सरकला. कागद होता तिथेच राहिला. ▇▇▇▇ त्याच्या खालून अलगद बाहेर आलं, झाडांसकट, आशाच्या क्वार्टरसकट, आणि कागद जाऊन बसला द्राक्षांच्या बागांवर. सर म्हणाले, भोये, सरळ चिकटवा. भोये सरांनी नवा कागद कापला. संजनाने जरा जवळून दाखवायला चित्र मोठं केलं, ▇▇▇▇ फुगून चारही बाजूंनी कागदाबाहेर आलं. तिसऱ्यांदा कागद मोठा कापला, तर त्याच्याखाली सरांचं स्वतःचं घर गेलं.

“सर, कागद हलला नाही,” भोये सर शेवटी म्हणाले. “नकाशा हलतोय.”

“नकाशा कसा हलेल? माझ्या सबंध नोकरीत नकाशा हललेला नाही.”

संजनाने आणखी एक उपाय सुचवला. पाठात दक्षिणेकडे जायचंच नाही, म्हणजे कागदाची गरजच नाही. सर म्हणाले, आणि चुकून हात गेला तर? मुलांनी हट्ट केला तर? साहेब बसलेले असताना? तिच्याजवळ याचं उत्तर होतं. पण तीन वर्षं भरायला थोडेच दिवस उरलेल्या माणसाजवळ उत्तर असून उपयोग नसतो.

सरांनी तोडगा काढला. नकाशा एकदा नीट लावायचा, कागद त्याच्यावर बसवायचा, आणि मग नकाशा हलवायचा नाही. माउसची वायर काढली आणि माउस वर नेऊन विज्ञानाच्या कपाटात ठेवला, आम्लाच्या बाटल्यांशेजारी. किल्ली मल्हारीच्या कमरेला.

सूची

निळी रेघ : नदी

करडे ठिपके : आपण

▇▇▇▇ : असतं, पण नसतं

छडी : माउस

टाचण

संजनाने पाठाचं टाचण नव्याने लिहिलं. डिजिटल नकाशाची वैशिष्ट्यं : तो हलतो, तो जवळ येतो, तो लांब जातो, त्यात आपलं घर शोधता येतं. ही वैशिष्ट्यं तिने न हलणाऱ्या नकाशासमोर उभं राहून मुलांकडून पाठ करून घेतली. मुलं हुशार होती. चार दिवसांत ‘नकाशा हलतो’ असं ती इतक्या विश्वासाने म्हणायला लागली की आम्हालाही वाटलं, हलत असेल.

कागद काचेवर आहे हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. चिकटवताना ती समोरच बसली होती. पण शाळेत जे समोर दिसतं ते वेगळं आणि जे विचारल्यावर सांगायचं ते वेगळं, एवढं आठवीपर्यंत आलेल्याला कळतं.

मधल्या सुट्टीत गायधनी बाई जिन्याखाली जाऊन बघून आल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

“अगं संजना, हा तर माझाच नकाशा झाला. फक्त याला वीज लागते.”

“हसू नका ना बाई. माझ्या जागेवर कोण येऊन बसणार आहे ते तुम्हाला माहितीये.”

बाईंचं हसणं थांबलं. त्या म्हणाल्या की तुला खरं सांगू का, सेक्रेटरींच्या सुनेला गोदावरी कुठून निघते तेही माहीत नाही. मग त्यांनी आपल्या कपाटातून नकाशाची छडी काढली, तांब्याच्या टोकाची, जिला इतकी वर्षं कुणाला हात लावू दिला नव्हता, आणि ती संजनाच्या हातात दिली. शिवाय काच फुटली तर भरून द्यावी लागेल असंही सांगितलं.

पाठ

विस्तार अधिकारी गोटीराम चौरे साहेब आले. त्यांच्याबरोबर आजूबाजूच्या शाळांचे मुख्याध्यापक आणि भूगोलाचे शिक्षक. पोहे झाले, चहा झाला, स्वागतगीत झालं. जिन्याखाली जागा नव्हती, म्हणून संगणकच इंटरनेटच्या तारेसकट वर आठवीच्या वर्गात आणून टेबलावर ठेवला होता. टेबलाला झालर. काळ्या कागदाभोवती भोये सरांनी पांढऱ्या रंगाची बारीक किनार ओढली होती. ती सुरेख दिसत होती.

पाठ चांगला चालला होता. संजना छडीचं टोक काचेला न टेकवता एकेक ठिकाण दाखवत होती आणि मुलं ते कोरसात ओळखत होती. डिजिटल नकाशाचं पहिलं वैशिष्ट्य कोणतं? नकाशा हलतो, मुलं म्हणाली. समोर नकाशा भिंतीसारखा उभा. साहेबांनी समाधानाने मान हलवली. आहेर सरांनी घाम पुसला. आणखी थोडं जमलं की तासाची घंटा झाली असती.

साहेब मूळचे हरसूलकडचे. पाठ आवडला की माणूस मोकळा होतो. ते म्हणाले, बाई, आता जरा हरसूल दाखवा.

संजनाने सरांकडे पाहिलं. सरांनी मल्हारीकडे पाहिलं. एका बाजूला देशाची सुरक्षा आणि दुसऱ्या बाजूला विस्तार अधिकाऱ्यांची फर्माईश, अशा पेचात मुख्याध्यापक काय करतो ते सांगण्याची गरज नाही. मल्हारी कमरेची किल्ली काढत धावला. माउस आला. त्याला आम्लाच्या कपाटाचा वास येत होता.

हरसूल पश्चिमेला, डोंगरात. तिकडे जायचं तर आधी नकाशा लांब न्यावा लागतो. संजनाने तो लांब नेला. कागद होता तिथेच राहिला, आणि त्याच्याखाली अख्खं ▇▇▇▇▇ गेलं. सिन्नरच्या शाळेतून आलेले एक शिक्षक आपलं गाव शोधत खुर्चीत पुढे सरकले.

“हे काळं काय आहे?” साहेबांनी विचारलं.

“संवेदनशील भाग, साहेब,” आहेर सर म्हणाले. “वरून आदेश आहेत.”

वरून आदेश नव्हते. असते तर सरांच्या वरच्या कुणाला तरी ठाऊक असते, आणि सरांच्या वर त्या खोलीत साहेबच होते. साहेबांनी सरांकडे पाहिलं. असा आदेश त्यांनी वाचलेला नव्हता. पण न वाचलेला आदेश म्हणजे नसलेला आदेश नव्हे, हे ज्याला उमजतं तोच विस्तार अधिकारी होतो. मुख्याध्यापकाने वाचलेलं परिपत्रक आपल्याला माहीत नाही, हे पाहुण्यांसमोर कबूल कोण करणार?

“हां. ते परिपत्रक,” साहेब म्हणाले.

शेजारच्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले की त्यांच्याकडेही आलंय. दुसऱ्यांनी सांगितलं, त्यांच्याकडे अंमलबजावणी सुरू झाली आहे. सिन्नरचे शिक्षक खुर्चीत मागे टेकले.

संजनाने नकाशा पश्चिमेकडे ओढला. डोंगर आले, धरणाचं पाणी आलं. मध्यावर हरसूल आलं आणि कागदाखाली ▇▇▇▇▇▇▇▇▇ गेलं. साहेब हात जोडणार होते, ज्योतिर्लिंगाचं गाव शोधत होते, तर तिथे काळा कागद. “देवस्थान आहे ना,” ते स्वतःशीच म्हणाले. “बरोबर आहे. झाकलेलंच बरं.”

मग त्यांना आपला पाडा बघायचा होता.

आता त्या वर्षांत शहराचं चित्र स्वच्छ यायचं आणि डोंगरातलं यायचं हिरव्या शेवाळासारखं. नाशिकच्या टाकीला झाकण नाही हेही दिसे, हरसूलचा बाजारतळ दिसत नसे. पण साहेबांना रस्ता पाठ होता. ते खुर्ची सोडून टेबलाशी आले आणि बोटाने सांगायला लागले : हा बाजार असणार, इथून खाली उतरायचं, हा नाला, नाल्याच्या कडेने अजून खाली, जरा उजवीकडे. संजना चित्र मोठं करत गेली. शेवाळ मोठं होत गेलं. साहेबांचं बोट उतरत उतरत आलं आणि काळ्या कागदावर येऊन थांबलं.

“इथंच,” ते म्हणाले. “इथंच पाहिजे.”

बोट कागदावरच होतं. पांढऱ्या किनारीच्या आत.

संजनाचा हात माउसवर होता. बोटभर सरकवलं असतं तर पाडा बाहेर आला असता. म्हणजे एक हिरवट डाग बाहेर आला असता, ज्यातलं काहीच ओळखू आलं नसतं. पण त्याचबरोबर कागद जागचा हलत नाही, हे इतका वेळ न पाहिल्यासारखं केलेल्या पाहुण्यांनाही पाहावं लागलं असतं. मग आदेश कुठला, परिपत्रक कुठलं, आणि ते आपल्याकडेही आलंय म्हणणारे मुख्याध्यापक कुठले, हे सगळं एका रांगेत उघडं पडलं असतं. रांगेच्या शेवटी तिचा अहवाल होता.

मुलं तिच्या हाताकडे बघत होती. आशाने हात वर केला होता आणि तो खाली घेत नव्हती. संजनाने तिच्याकडे पाहिलं नाही. तिने आहेर सरांकडे पाहिलं. सर तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आजवर कुणा शिक्षणसेवकाकडे बघताना न आलेला भाव होता. ते विनवत होते.

“तो भाग दाखवायला परवानगी नाही, साहेब,” संजना म्हणाली.

साहेब सरळ उभे राहिले.

“आमच्या पाड्याला?”

“हो, साहेब.”

“तिथं रस्ता नाय, बाई. दिवा आत्ता कुठं आला. शाळा म्हणजे एक खोली. पावसाळ्यात मास्तरसुद्धा येत नाय. आन तुम्ही म्हणता परवानगी नाय?”

आम्ही भिंतीला टेकलो. आता संपलं, असं आम्हाला वाटलं. गायधनी बाईंनी डोळे मिटून घेतले. संजनाने माउस सोडला नाही, पण हलवलाही नाही.

“वरूनच तसं आहे, साहेब,” ती म्हणाली. “काहीतरी महत्त्वाचं असेल.”

साहेब कागदाकडे बघत राहिले. आणि मग त्यांचा चेहरा बदलायला लागला. आम्ही रागाची वाट बघत होतो आणि भलतंच काही येत होतं. त्यांचा ऊर भरून आला होता. ज्या पाड्याची नोंद कुठल्या नकाशात नव्हती, जिथला अर्ज पंचायत समितीच्या टेबलावरून पुढे जात नव्हता, तो पाडा दिल्लीत कुणीतरी, कुठल्यातरी उंच खोलीत बसून, झाकून ठेवण्याच्या लायकीचा ठरवला होता. देवस्थानाच्या बरोबरीने.

ते व्हरांड्यात गेले. तिथून त्यांचा आवाज सगळ्या वर्गाला ऐकू येत होता. भावाला फोन लावला होता.

“आरं, आपल्या पाड्यावर कायतरी हाय. काय ते इचारू नको. नकाशात झाकलाय.”

घंटा झाली. मुलांनी उभं राहून एका सुरात धन्यवाद म्हटलं.

अभिप्राय (सुधारित)

विस्तार अधिकारी : पाठ उत्कृष्ट. साधनाचा वापर संयमाने केला. संवेदनशील स्थळांबाबत शिक्षिकेने दाखवलेली जबाबदारी विशेष उल्लेखनीय.

आहेर सर : पाठास गालबोट लागले नाही.

सिन्नरच्या शाळेतील शिक्षक : कागदाचा प्रकार व माप कळवावे.

विज्ञान : वरीलप्रमाणे.

अक्षांश, रेखांश, वगैरे

पुढच्या आठवड्यांत भोये सरांना फार काम पडलं. शेजारच्या शाळांमधून माणसं येत आणि काळे कागद कापून नेत. कुठे चिकटवायचा असं विचारलं तर भोये सर सांगत, खालच्या बाजूला, जरा उजवीकडे. कुणी त्याखाली काय आहे असं विचारलं नाही. एका शाळेत संगणक नव्हता, त्यांनी तो भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर चिकटवला. तिथे त्याखाली ऑस्ट्रेलिया गेला.

फेब्रुवारीत संजनाचा आदेश आला. कायम. तिने पेढे आणले. सेक्रेटरींनीही एक पेढा घेतला. त्यांच्या सुनेला त्यांनी दुसऱ्या एका शाळेत बसवलं होतं, भूगोलाच्याच जागेवर, म्हणजे देशाचं काही अडलं नाही.

पेढा तोंडात असतानाच गायधनी बाईंनी फडकं ओलं केलं आणि संजनाला म्हणाल्या, चल गं माझ्याबरोबर. दोघी जिन्याखाली गेल्या. आमच्यातले दोघंतिघं मागे गेले, कुतूहल म्हणून. संगणक पुन्हा त्याच्या जागी आला होता. काच काळी, तिच्यावर कागद त्याहून काळा, पांढऱ्या किनारीत.

“आता तुझं कुणी काही करू शकत नाही,” बाई म्हणाल्या. “गोंद अजून सुटेल. काढ तो.”

संजनाने कागदाच्या कडेला नख लावलं. कोपरा सहज उचलला गेला. आशाचा वर्ग पुढच्याच तासाला खाली येणार होता. त्यांना आपापली घरं शोधून दाखवायची आहेत, असं संजना गेले काही महिने म्हणत होती. तिने कोपरा तसाच धरून ठेवला. मग अंगठ्याने तो पुन्हा काचेवर दाबला आणि नीट बसेपर्यंत दाबून धरला.

“काढायला माझी हरकत नाही, बाई,” ती म्हणाली. “पण तसं परिपत्रक येऊ द्या.”

बाई ओलं फडकं घेऊन उभ्या राहिल्या. काहीतरी पुसायला हवं म्हणून त्यांनी कीबोर्ड पुसला.

वर आल्यावर आम्ही सरकून घेतलं आणि संजनाला खिडकीजवळची खुर्ची दिली. ती बसली. चहा आला.